म्हैस पाण्यात का बसते, आणि जोहड नसेल तर?

जून महिन्यातली दुपार. बहादूरगड मागे टाकून रोहतकच्या रस्त्याला लागलं की अधूनमधून गावतळी दिसतात. हरियाणात त्यांना जोहड म्हणतात. काठावरच्या पिंपळाखाली एक गाय उभी आहे, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट तेवढं हलतंय. तिच्यापासून वीस पावलांवर सात-आठ म्हशी पाण्यात. बाहेर फक्त शिंगांची वेटोळी आणि नाकपुड्या. दोघी याच मातीतल्या, एकाच गव्हाणीत खाणाऱ्या, एकच ऊन सोसणाऱ्या. मग एकीला झाडाची सावली पुरते आणि दुसरीला तळंच का लागतं?

त्याच गावात जानेवारीत जा. धुक्यात समोरचा ट्रॅक्टर दिसत नाही. तीच म्हैस आता छपराखाली बांधलेली असते आणि तिच्या पाठीवर तागाची पोती शिवून केलेली झूल असते. आपल्याकडे झूल पोळ्याला बैलाच्या अंगावर चढते, आरशांची, गोंड्यांची. इथली झूल नटवण्यासाठी नसते, ती थंडीतलं पांघरूण असते.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल, असं आपण सहज म्हणून जातो. ती पाण्यात का गेली, हे मात्र त्या म्हणीत नाही. मी दिल्लीत राहायला आल्यावर झज्जर जिल्ह्यातल्या एका घरी वरचेवर जाऊ लागले आणि हळूहळू लक्षात आलं, की म्हशीचं शरीर जे करू शकत नाही ते तिच्याभोवतीचं आवार करतं. छप्पर, गव्हाण, झाड, तळं, गोवऱ्यांचा ढीग, हे सगळं मिळून तिच्या शरीराचाच बाहेर पसरलेला भाग आहे. तो कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे.

काळी कातडी आणि थोडासा घाम

या भागातली म्हैस म्हणजे मुऱ्हा. रोहतक, झज्जर, जींद, हिसार हे तिचं माहेर. यातले पहिले तीन जिल्हे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतात. जुन्या पुस्तकांत या जातीला 'दिल्ली' असंही नाव सापडतं. मुरडलेल्या शिंगांवरून मुऱ्हा हे नाव पडलं असं सांगतात. रंग काजळासारखा, अंगावर केस विरळ, दुधात स्निग्धांश साधारण 7 टक्के. मुंबईच्या तबेल्यांपासून पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांपर्यंत तिचे वंशज पोचले आहेत.

आता तिची अडचण बघा. काळा रंग ऊन पिऊन घेतो, हे उन्हात उभ्या काळ्या मोटारीला हात लावलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. विरळ केसांमुळे ते ऊन थेट कातडीवर पडतं. कातडीतलं काळं रंगद्रव्य जळजळीत किरणांपासून तिला वाचवतं खरं, पण उष्णता आत येतेच. आत आलेली उष्णता बाहेर टाकायचा आपला मार्ग घाम. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आणि तीही थोडीथोडकी नाही. एक लिटर साधं पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच एक लिटर पाणी वाळताना ओढून नेतं. म्हशीकडे हा मार्ग अरुंद आहे. तिच्या कातडीतल्या घर्मग्रंथी गायीच्या मानाने फारच कमी, साधारण सहावा हिस्सा. गाय सावलीत उभी राहून घामावर निभावून नेते. म्हशीला घाम उसना आणावा लागतो.

तो उसना घाम म्हणजे जोहडाचं पाणी.

2009 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत 'गरिमा' नावाची क्लोन म्हैस जन्मली. विज्ञानाने एका म्हशीची हुबेहूब दुसरी म्हैस केली, आणि अर्थातच त्या दुसरीलाही घर्मग्रंथी तेवढ्याच मिळाल्या. या बाबतीत म्हैस आहे तशीच राहणार, बदलायचं ते आपण.

शिंपडणं वेगळं, डुंबणं वेगळं

पाणी म्हशीला दोन रीतींनी थंड करतं. या दोन रीतींची आपण गल्लत करतो, आणि त्या गल्लतीचा त्रास जनावराला होतो.

पहिली रीत वाळण्याची. अंगावर पाणी मारलं, ते वाळलं, वाळताना उष्णता घेऊन गेलं. माठातलं पाणी गार होतं ते याच रीतीने. यासाठी हवा कोरडी हवी आणि हलती हवी. मे महिन्यात दिल्लीत लू वाहते तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो, पण हवा खडखडीत कोरडी असते. अशा वेळी दिवसातून तीन-चार वेळा म्हशीच्या अंगावर पाणी मारलं तरी तिला चांगला उतार पडतो.

दुसरी रीत स्पर्शाची. म्हैस तळ्यात बसली की कातडीची उष्णता थेट पाण्यात उतरते. पाणी हवेच्या सुमारे 25 पट चांगलं उष्णतावाहक आहे. म्हणून तर 25 अंशांची हवा आपल्याला सुखाची वाटते आणि 25 अंशांचं पाणी अंगावर घेतलं की शहारा येतो. या रीतीत काही वाळावं लागत नाही, म्हणजे हवा दमट असली तरी फरक पडत नाही. म्हशीची कातडी इथे कामाला येते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतलं गरम रक्त पृष्ठभागाशी येतं, उष्णता पाण्याला देऊन परत आत जातं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी फिरतं तसं इथे रक्त फिरतं.

जुलै उजाडला की पहिली रीत लंगडी पडते. पाऊस येतो, पारा 36-37 वर उतरतो, आपल्याला वाटतं सुटका झाली. पण हवेत इतकी वाफ असते की माठातलं पाणीसुद्धा कोमट राहतं. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तसं म्हशीच्या अंगावरचं पाणीही वाळत नाही. उलट ओल्या अंगाभोवती दमट हवेचं एक पांघरूण बसतं. अशा दिवसांत नळीने पाणी मारून म्हशीला आराम दिला असं समजणारे पुष्कळ आहेत. पंखा नसेल तर त्या पाण्याचा उपयोग थोडाच. जुलै-ऑगस्टात खरा उतारा डुंबण्यातच आहे. कोरड्या उन्हाळ्यातही चालतं आणि दमट पावसाळ्यातही चालतं, असं एकच साधन गावाकडे होतं, ते म्हणजे तळं.

चिखलाचा हिशेब आणखी वेगळा. स्वच्छ पाणी अंगावरून निथळून जातं. चिखलाचा थर ओल धरून ठेवतो आणि ती सावकाश सोडतो, म्हणजे तळ्याबाहेर आल्यावरही बराच वेळ थंडावा टिकतो. वर त्या थरातून माशीला चावता येत नाही, आणि गोचिडाला पकड मिळणं अवघड जातं. चिखलाने माखलेली म्हैस शहरातल्या माणसाला घाणेरडी दिसते. खरं तर तिने मच्छरदाणी पांघरलेली असते.

उष्णतेचा आणखी एक परिणाम गोठ्याबाहेर कुणाला दिसत नाही. उन्हाने त्रासलेली म्हैस माजावर आली तरी त्याची चिन्हं दाखवत नाही. आपल्याकडे याला मुका माज म्हणतात. माज ओळखता आला नाही की रेतन हुकतं, आणि म्हशीचा गाभणकाळ आधीच सुमारे 310 दिवसांचा. म्हणजे एक उन्हाळा पाण्याविना गेला, तर घरातलं दूध पुढचे कितीतरी महिने मागे पडू शकतं.

घेर

हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात जनावरांचं आवार राहत्या घरापासून बहुधा वेगळं असतं. त्याला घेर किंवा नोहरा म्हणतात. आपल्या मावळातल्या किंवा कोकणातल्या घरात गोठा पडवीला लागून असतो, कारण चार महिने कोसळणाऱ्या पावसात जनावर हाताशी हवं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या जुन्या शेतघरांत तर एकाच लांबट खोलीच्या एका टोकाला चूल असे आणि दुसऱ्या टोकाला गायी, मधे फक्त एक पन्हाळ. तिथे बारा महिने ओल आणि गारठा, म्हणून गायीच्या अंगाची ऊब माणसांना हवीशी होती. दिल्लीच्या भोवताली अडचण दुहेरी आहे. जूनमध्ये 45 आणि जानेवारीत 4-5, दोन्ही एकाच वर्षात. एकच बंदिस्त खोली दोन्हीला पुरी पडणार नाही. म्हणून घेर जास्त करून मोकळा असतो, आणि त्यात जनावराच्या जागा वेळेप्रमाणे बदलतात.

मी ज्या घेरात जाते तिथली मालकीण वयाने सत्तरीच्या पुढची. तिला सगळं गाव ताई म्हणतं. हरियाणात ताई म्हणजे मोठी काकू, आपल्यासारखी थोरली बहीण नव्हे. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, तुमचा गोठा कुठाय? ती म्हणाली, "बेटी, कोणत्या वेळेचा?"

तिच्याकडे खरोखरच वेळेप्रमाणे गोठे आहेत. उन्हाळ्यात सकाळी म्हशी पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत. दुपारी कडुनिंबाखाली. झाडाची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा गार का लागते, तर पत्रा स्वतः तापतो आणि तापलेल्या तव्यासारखा खाली उष्णता फेकतो. झाडाची पानं मात्र सतत पाणी वाफेत सोडत असतात, म्हणून ती तापत नाहीत. रात्री म्हशी अंगणाच्या मधोमध, उघड्या आभाळाखाली. हे मला आधी निव्वळ हवेसाठी वाटायचं. पण त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक गरम वस्तू न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. डोक्यावर छप्पर असेल तर ते छप्पर तेवढीच परत फेकतं. मे महिन्याचं निरभ्र आभाळ त्याहून बरीच कमी परत देतं. रात्रभर म्हैस आपली दिवसाची उष्णता आभाळाला देत राहते. जुलैत ढग आले की ही सोय बंद, आणि पुन्हा तळ्यावरच येऊन ठेपतं.

छप्पर सरकंड्याचं आहे, हातभर जाडीचं. सरकंडा म्हणजे इथे बांधावर वाढणारं उंच गवत. काड्यांच्या आत आणि काड्यांच्या मधे अडकलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. स्वेटर ऊब देतो तोही लोकरीत अडकलेल्या हवेमुळेच, इथे तीच युक्ती ऊन अडवते. छपराची उघडी बाजू दक्षिणेला. दिल्लीच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 38 अंश वर असतो, म्हणून ऊन तिरपं होऊन पार गव्हाणीपर्यंत आत येतं. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ 85 अंशांवर, डोक्यावरच. तेव्हा छपराची कड त्याला बाहेरच थोपवते. ताईने हे गणित केलेलं नाही. तिच्या सासऱ्याने छप्पर असं बांधलं आणि ते बदलायची वेळ आली नाही.

थंडीत एक चूक सगळीकडे होते. गारठा वाढला की माणसं गोठ्याची दारं-खिडक्या लावून घेतात, फटींत पोती कोंबतात. मुतातून निघणारा अमोनिया आत कोंडतो, जनावरांच्या श्वासाची वाफ छताला लागून खाली ठिबकते, आणि सगळ्यात आधी लहान पारडी खोकू लागतात. ताई पोती लावते ती फक्त म्हशीच्या पाठीच्या उंचीपर्यंत. वरचा भाग मोकळा. वारा अंगाला लागत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते. याची परीक्षा तिने मला शिकवली. म्हैस बसते त्या उंचीवर आपणही उकिडवं बसायचं. डोळे चुरचुरले तर हवा वाईट आहे. उभं राहून हे कळत नाही.

पाणी पाजण्यातही असंच शहाणपण आहे. जमिनीखालचं पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळ राहतं. दिल्लीकडे ही सरासरी 25 अंशांच्या आसपास. म्हणून हातपंपाचं ताजं पाणी जानेवारीत कोमट आणि जूनमध्ये गार लागतं. पाणी तेच असतं, बदलतो तो आपला हात. थंडीत रात्रभर डोणीत साठलेलं पाणी म्हैस तोंड लावून सोडून देते. पाणी कमी प्यायली की दूध घटतं. ताई सकाळी डोणी आधी रिकामी करते, मग पंप मारते.

*चौकट: घेरातले शब्द*

*खोर: गव्हाण. तूडी: गव्हाचा भुसा. सानी: भुसा, हिरवी वैरण, पेंड आणि पाणी कालवून केलेलं खाणं, आपल्या आंबोणाच्या जवळचं. खळ: पेंड. बिनौला: सरकी. झोटा: रेडा. कटडा आणि कटडी: नर आणि मादी पारडू. गोसा: गोवरी. बिटौडा: गोवऱ्यांचा रचून लिंपलेला ढीग, काही भागांत आपण ज्याला हुडवा म्हणतो तो. जोहड: गावतळं. कुट्टी मात्र दोन्हीकडे कुट्टीच.*

पोटातली शेकोटी

म्हशीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे रवंथाचा कप्पा, शंभर लिटरच्या आसपासचा, पाण्याच्या अर्ध्या पिंपाएवढा. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. गव्हाचा भुसा आपल्या दृष्टीने कचरा. त्यात प्रथिनं जेमतेम 3 टक्के, बाकी सगळा चोथा. हे सूक्ष्मजीव तो चोथा आंबवतात, आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर म्हैस जगते. इडलीचं पीठ आंबताना भांडं किंचित कोमट लागतं, तसंच इथे, पण शंभर लिटरच्या हिशेबाने. चोथा जितका जास्त, तितकी ही शेकोटी मोठी.

म्हणून खाण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे फिरतात. उन्हाळ्यात मोठं खाणं पहाटे आणि रात्री, म्हणजे आंबण्याची उष्णता भर दुपारच्या उन्हात येऊन मिळत नाही. थंडीत संध्याकाळी गव्हाण तूडीने भरतात. रात्र सरता सरता गारठा बोचरा होत जातो, तेव्हा म्हशीच्या पोटात शेकोटी पेटलेली असते. वरून झूल, आतून तूडी.

थंडीतली हिरवी वैरण म्हणजे बरसीम, आपल्या मेथीघासाची जवळची नातलग. प्रथिनांनी भरलेली, जनावराला अतिशय आवडणारी, आणि त्यातच धोका. दंव पडलेलं कोवळं बरसीम भुकेल्या म्हशीने एकटंच पोटभर खाल्लं तर पोट फुगतं. इथे त्याला अफारा म्हणतात. एरवी पोटात तयार होणारा वायू ती ढेकर देऊन बाहेर काढते, दिवसाला काही शे लिटर. पण बरसीमातल्या प्रथिनांमुळे पोटातल्या द्रवाचा चिवट फेस होतो आणि वायू त्या फेसाच्या बुडबुड्यांत अडकतो. ढेकर निघत नाही, पोट ढोलासारखं ताणतं, फुप्फुसांवर दाब येतो, आणि तासाभरात जनावर दगावू शकतं. म्हणून बरसीम तूडीत मिसळूनच द्यायचं. तूडीने चावणं वाढतं, लाळ वाढते, फेस जमत नाही.

अफाऱ्यावर घराघरात एकच उपाय: मोहरीचं तेल आणि हिंग. यातलं तेल खरंच काम करतं. उतू जाणाऱ्या दुधात तुपाचा थेंब टाकला की फेस बसतो, तसं तेल बुडबुड्यांचे पापुद्रे फोडतं आणि वायू मोकळा होतो. फक्त तेल पाजताना म्हशीचं तोंड फार वर करू नये. ते श्वासनलिकेत गेलं तर अफाऱ्यातून वाचलेली म्हैस फुप्फुसाच्या आजाराने जाते. आणि पशुवैद्याला निरोप तेल शोधायच्या आधी पाठवावा.

पान्हा

पहाटे साडेचारला ताई कटडीला सोडते. कटडी आईच्या कासेला ढुशा देते, एकेक सड चोखते. मिनिट-दोन मिनिटं जातात. मग ताई कासेवर हात फिरवते, सड दाबून बघते, कटडीला बाजूला बांधते आणि बादली घेऊन बसते. इतका वेळ ती कुणाशी बोलत नाही, आणि घेरात आलेल्यालाही बोलू देत नाही. माझ्याकडे पहिल्या दिवशी मोठ्या आवाजात वाजणारा फोन होता. त्या दिवशी दूध निम्मंच निघालं.

कास म्हणजे दुधाची पिशवी, खाली नळ, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. कासेची रचना द्राक्षाच्या घडासारखी आहे. दूध तयार होतं आणि साठतं ते घडातल्या सूक्ष्म द्राक्षांमध्ये. गायीच्या बाबतीत दुधाचा पाचवा हिस्सा तरी खालच्या पोकळीत आपोआप उतरलेला असतो. म्हशीच्या कासेत ही पोकळी इतकी लहान, की सुमारे 95 टक्के दूध घडातच अडकलेलं असतं. ते ओढून निघत नाही, ते म्हशीनेच खाली सोडावं लागतं.

सोडण्याची रीत अशी. पारडाची ढुशी, ओळखीचा हात, बादलीचा आवाज, आंबोणाचा वास, यांपैकी काही जाणवलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप्या. तो कासेत पोचला की प्रत्येक द्राक्षाभोवतीचे बारीक स्नायू मुठीसारखे आवळतात आणि दूध खाली येतं. मराठीत आपण याला पान्हा म्हणतो, आणि उत्तरेकडच्या बोलीत पेन्हाना हा शब्द आहे. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की नातं ऐकू येतं. निरोप्या रक्तात काही मिनिटंच टिकतो. म्हणून एकदा पान्हा फुटला की पाच-सात मिनिटांत धार आटोपायला हवी.

आणि जनावर दचकलं तर? भीतीचा निरोप्या वेगळा, ॲड्रेनलिन. तो आला की कासेकडचा रक्तप्रवाह आखडतो आणि स्नायू आवळत नाहीत. दूध तयार असतं, पण उतरत नाही. म्हैस पान्हा चोरते, असं आपण म्हणतो आणि तिच्यावर चोरीचा आळ घालतो. ती घाबरलेली असते, एवढंच.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पंढरपुरी म्हशी गिऱ्हाइकासमोर, भर वर्दळीत धार देतात. मुऱ्हेचं तसं नाही. तिला आपली जागा, आपली वेळ, आपलं माणूस लागतं. घेरातली शांतता ही दूध काढायच्या साधनांपैकीच एक आहे, बादलीइतकीच. ती शांतता जिथे देता येत नाही तिथे इंजेक्शनने पान्हा आणण्याचा मोह होतो. जनावराच्या प्रकृतीला घातक अशी कोणतीही सुई दूध वाढवण्यासाठी टोचायला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. तरी ती टोचली जाते. मला याचा राग येतो, कारण पारडाला दोन मिनिटं सोडण्याला काही खर्च नाही.

बिटौडा

नोएडाच्या पलीकडे दादरीच्या बाजूला किंवा फरीदाबादच्या गावांत पहिल्यांदा जाणाऱ्याला शेताकडेच्या बिटौड्यांची वस्ती म्हणजे छोट्या झोपड्या वाटतात. आत कुणी राहत नाही, आत गोवऱ्या असतात. ताज्या शेणात सुमारे 80 टक्के पाणी. हिवाळा-वसंताच्या उन्हात थापून वाळवलं की ते निघून जातं आणि उरतो तो न पचलेला चोथा, म्हणजे पुन्हा ती तूडीच. बायका त्या गोवऱ्या आतल्या बाजूला कलत्या रचतात आणि बाहेरून शेण-तूडीचा जाड लेप देतात. लेपातल्या काड्या एकमेकींत गुंतून पावसाचा थेंब आत मुरण्याआधी बाहेरच्या बाहेर घसरवतात. मग बोटांनी त्यावर नक्षी काढतात, वेली, मोर, चौकटी. पावसाळाभर आतलं जळण कोरडं.

या जळणातला मोठा भाग म्हशीच्याच कामी येतो. सांजवेळी अर्धवट ओल्या गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला यांची धुरी घेरात घुमते, डास हटतात. राख ओल्या जमिनीवर पसरतात, ती मुताची ओल शोषते. हाऱ्यात, म्हणजे मातीच्या खोलगट चुलीत, दिवसभर मंद आचेवर दूध तापत राहतं आणि साय बदामी होते. त्याच धुरात घरातल्या बाईची फुप्फुसं झिजतात, हेही तितकंच खरं. स्वयंपाकाला गॅस आणि घेराला गोवरी, अशी वाटणी ताईच्या सुनेने केली आहे, आणि ती बरोबर आहे.

जोहड गेल्यावर

शहर गावात शिरलं की घेराचे भाग एकेक करून निघतात. छपराच्या जागी पत्रा येतो, तूडी विकत आणता येते, कडुनिंब पुन्हा लावता येतो. जोहड मात्र परत येत नाही. दिल्लीत म्हशी मोठ्या संख्येने आहेत त्या डेअरी वसाहतींमध्ये. त्यातल्या गाझीपूर आणि भलस्वा या दोन तर शहराच्या कचऱ्याच्या डोंगरांना लागून, आणि 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याबद्दल चिंता व्यक्त करून त्या हलवायला हव्यात असं म्हटलं. तिथल्या म्हशीला ना पिंपळ, ना तळं, ना रात्रीचं उघडं आभाळ.

गावतळी बुजवून त्यावर घरं उठवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी पतियाळा जिल्ह्यातल्या एका तळ्याच्या खटल्यात स्पष्ट निकाल दिला आहे. गावाच्या सामायिक जमिनी बळकावलेल्या असतील तर त्या मोकळ्या करा, असा आदेश सगळ्या राज्यांना गेला. तरीही ताईच्या गावातल्या दोन जोहडांपैकी एक आज रस्त्याखाली आहे, आणि दुसऱ्यात गटार सोडलं आहे.

मागच्या जुलैत मी गेले तेव्हा घेराच्या कोपऱ्यात सिमेंटचं नवं टाकं होतं, छातीभर खोल, एका बाजूने उतार केलेला. मुलाने बांधून घेतलं होतं. दुपारी तीन वाजता पाणी कोमट झालं होतं, म्हशी काठावर उभ्या, उतरेनात. तळं खोल असतं, त्याच्या बुडाशी गारवा असतो, काठाला सावली असते. टाक्याला यातलं काहीच नाही. ताईने मुलाला हाक मारून पंप सुरू करायला लावला. जमिनीखालचं 25 अंशांचं पाणी टाक्यात पडू लागलं, जुनं कडेने वाहून कडुनिंबाच्या आळ्यात गेलं. पंधरा-वीस मिनिटांनी थोरली म्हैस उतारावर आली, पुढचे दोन पाय पाण्यात टाकून थांबली, मग सावकाश गुडघे मोडून बसली. तिच्यामागे उरलेल्या तिघी. ताई पंपाचं बटण हाताशी धरून बाजेवर बसून राहिली, वीज जाईपर्यंत.